गाडी एका सेल्फमध्ये सुरू का होत नाही?

सकाळी गाडी सुरू होईना की बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते बॅटरीचे. हा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो, आणि तो पुष्कळदा खरा ठरत असल्यामुळेच त्यापायी बरेच पैसे वायाही जातात. दोष दुसरीकडे असतानाही चार-पाच हजार रुपयांची नवी बॅटरी बसवली जाते, तिच्या ताज्या जोरावर गाडी काही आठवडे बरी चालते आणि मग तीच तक्रार पुन्हा डोके वर काढते. गाडी अडखळत सुरू होण्यामागे बॅटरी, तिच्या केबली, सेल्फ, इंधनपंप, प्लग, एखादा सेन्सर किंवा प्रत्यक्ष इंजिनाचे कॉम्प्रेशन यांपैकी काहीही असू शकते. मात्र यांतले जवळजवळ प्रत्येक कारण स्वतःची वेगळी खूण ठेवते, आणि त्या खुणा टिपण्यासाठी लागणारी साधने म्हणजे आपले कान, आपले नाक आणि तीन-चारशे रुपयांना मिळणारा एक साधा मल्टिमीटर. हा लेख प्रामुख्याने इंजेक्शन असलेल्या लहान पेट्रोल गाड्यांविषयी आहे; सीएनजी आणि डिझेलमध्ये जे निराळे आहे ते ओघाने येईल.

आधी कानांनी तपासावे

गाडी सुरू होण्याचा पहिला अर्धा भाग विजेचा असतो आणि दुसरा आगीचा. चावी फिरवली की सेल्फची मोटर बॅटरीच्या बळावर इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवते. त्या फिरण्यात पिस्टन हवा ओढून दाबतात, गाडीतील संगणक क्रँकची (पिस्टनना जोडलेल्या फिरत्या दांड्याची) जागा ओळखून योग्य क्षणी पेट्रोल फवारतो आणि ठिणगी पाडतो, आणि मिश्रणाने पेट घेतला की इंजिन सेल्फच्या मदतीवाचून फिरू लागते. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न बॅटरी किती जुनी आहे हा नसून सेल्फ फिरतो का, आणि फिरत असेल तर कसा फिरतो, हा आहे. या एका प्रश्नाच्या उत्तराने संभाव्य कारणांपैकी निम्मी बाजूला पडतात.

चावी फिरवल्यावर बॉनेटखालून ‘टकटकटकटक’ असा जलद आवाज येत असेल आणि त्याच वेळी डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच, वीज मिळताच ओढला जातो, मोटरने प्रवाह खेचताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो आणि लगेच पुन्हा ओढला जातो. ही खूण उतरलेल्या बॅटरीची किंवा सैल टर्मिनलची. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन शांतता पसरत असेल आणि दिवे तसेच लख्ख राहत असतील, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचते आहे पण मोटर फिरत नाही, म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळाले आहेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत असे समजावे. ब्रश झिजलेल्या सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकल्यावर तो कधीकधी एखाद-दोन वेळा फिरतो. ही युक्ती घरी पोहोचण्यापुरती चांगली आहे; पण ती लागू पडली याचा अर्थच असा, की सेल्फ दुरुस्तीला काढण्याची वेळ आली आहे.

काहीच आवाज येत नसेल, तर महागड्या शंकांआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. बहुतेक नव्या मॅन्युअल गाड्यांमध्ये क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला वीजच जात नाही, आणि पेडलमागचा तो छोटा स्विच खराब झाला किंवा पायाखालची मॅट पेडलला अडली तरी गाडी मुकाट बसते. ऑटोमॅटिक गाडी सुरू करताना गिअर ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’मध्येच (न्यूट्रल) असावा लागतो; ‘पी’मध्ये प्रतिसाद नाही पण ‘एन’मध्ये गाडी सुरू होते असे आढळले, तर गिअरच्या स्विचमध्येच दोष आहे हे तिथल्या तिथे कळते. बटणाच्या गाड्यांमध्ये चावीतील नाण्याएवढा सेल संपला असेल, तर चावीच थेट बटणाला टेकवून ते दाबून पाहावे. बहुतेक गाड्या अशा वेळी चावीतील चिप जवळून वाचतात, आणि त्या चिपला सेल लागत नाही. इमोबिलायझरचा (परक्या चावीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, म्हणजे बहुधा चावीचे किंवा कुलपाचे चित्र असलेला दिवा, चावी ऑन केल्यावर विझण्याऐवजी लुकलुकत राहिला, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहणे ही त्यावरची बिनखर्ची चाचणी आहे.

आणखी दोन आवाज लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सेल्फची मोटर सुसाट घरघरते पण इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा सेल्फचे दात इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये (दातेरी चाकात) अडकत नाहीत किंवा ते दात पुढे सरकवणारे बेंडिक्स घसरते. याउलट इंजिन नेहमीपेक्षा जलद आणि एकसुरी, मधली नेहमीची धापच नाहीशी झाल्यासारखे फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटली असण्याची शंका घ्यावी. कॉम्प्रेशनचा अडथळाच उरलेला नसल्यामुळे ते तसे फिरते. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारू नये, कारण अनेक इंजिनांत वेळ चुकलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

मरगळलेला सेल्फ आणि मल्टिमीटर

सर्वांत जास्त गफलत होते ती सेल्फ फिरतो, पण ‘घुर्र... घुर्र...’ असा मरगळलेला फिरतो, या प्रकारात. इथे अंदाज बाजूला ठेवून मोजणे हा एकच शहाणपणाचा मार्ग आहे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊणच्या आसपास, १२.२ म्हणजे निम्मी. आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच चालवून उभी केली असेल तर हा आकडा फसवा असतो, कारण चार्जिंगचा वरवरचा ताव उतरायला काही तास लागतात. तसेच, केवळ हा आकडा चांगला आला म्हणून बॅटरी निर्दोष ठरत नाही. आतील प्लेटा झिजलेली बॅटरीही विश्रांतीत १२.६ दाखवते, तिचे खरे रूप ओझे पडल्यावरच दिसते.

म्हणून दुसरे मोजमाप सेल्फ मारताना घ्यायचे. एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने आकड्यावर डोळा ठेवायचा. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण शंभर ते दोनशे अँपिअर खेचतो, त्यामुळे व्होल्टेज खाली जाणारच. पण आपल्याकडच्या हवामानात ते ९.६च्या वर टिकले पाहिजे, आणि सुदृढ बॅटरीत ते बहुधा दहाच्याही वर राहते. भरलेली बॅटरी असूनही आकडा ९ किंवा ८ वर घसरत असेल, तर बॅटरी संपत आली आहे असे निःशंकपणे म्हणता येते. व्होल्टेज इतके पडले की गाडीतील संगणकही गोंधळतो, डॅशबोर्डवर नको ते दिवे लागतात आणि स्कॅनरला (संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्राला) एकमेकांशी संबंध नसलेले कोड सापडतात; अशा वेळी आधी बॅटरीचा प्रश्न सोडवावा आणि मगच त्या कोडांकडे पाहावे.

आता खरी गंमत पुढे आहे. सेल्फ मरगळलेला आहे, पण मीटर मात्र सेल्फ मारतानाही अकराच्या आसपास दाखवतो, असे झाले तर काय? याचा अर्थ बॅटरीकडे ताकद आहे, पण ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही. प्रवाह दीडशे अँपिअरचा असेल, तर वाटेत केवळ ०.०२ ओहमचा अडथळा आला तरी तीन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि त्या सांध्यावर साडेचारशे वॉटची उष्णता तयार होते. टर्मिनलवर साठलेला पांढरा-हिरवट क्षार, आतून गंजलेली केबल किंवा इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी सैल अर्थिंगची पट्टी एवढा अडथळा सहज निर्माण करते, आणि रेडिओ किंवा हेडलाइटसारख्या किरकोळ ओझ्यावर तो जाणवतही नाही.

हा अडथळा पकडण्याची पद्धत अतिशय सोपी आहे, पण गॅरेजमध्ये ती क्वचितच वापरलेली दिसते. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह बाजूच्या शिशाच्या खुंटीवर ठेवावे, टर्मिनलच्या कडीवर नव्हे. आणि दुसरे टोक सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर ठेवावे. सेल्फ मारताना येणारा आकडा म्हणजे त्या वाटेत हरवणारे व्होल्टेज. पॉझिटिव्ह बाजूला तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये तेच करावे, तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले, तर अर्थिंगमध्ये दोष आहे. आकडा जास्त आला की मीटरचे दुसरे टोक एकेका सांध्याने मागे आणत जावे; ज्या सांध्यापाशी आकडा एकदम कमी होतो, तो ओलांडल्यावरच व्होल्टेज हरवत असते. मल्टिमीटर नसेल, तर चार-पाच वेळा सेल्फ मारून लगेच टर्मिनलना जपून हात लावावा. एक थंड आणि दुसरे चटका देण्याइतके गरम असेल, तर उत्तर मिळाले. टर्मिनल काढून, खरकागदाने आतून-बाहेरून घासून, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावल्याने नव्या बॅटरीचा खर्च वाचल्याची उदाहरणे कोणताही प्रामाणिक ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल.

दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या, बॅटरीही उत्तम आणि तरीही सेल्फ जड, तर सेल्फ बाहेर काढावा. बुश झिजून आर्मेचर घासत असले की मोटर जास्त प्रवाह खाते आणि कमी फिरते.

बॅटरी उतरतेच का?

बॅटरी कमकुवत निघाली तरी निदान संपत नाही, कारण तिला कोणी उतरवले हे शोधायचे राहतेच. इथे एक समज दूर करायला हवा. एकदा गाडी सुरू करण्यात फार बॅटरी खर्च होते असे वाटते. प्रत्यक्षात दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एक दशांश अँपिअर-तासाहूनही कमी, आणि पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या मानाने हे नगण्य आहे. बॅटरी रिकामी होते ती दोन कारणांनी: चालत्या गाडीत पुरेशी भरली जात नाही, किंवा उभ्या गाडीत गुपचूप झिरपत राहते.

पहिले कारण इंजिन चालू ठेवून तपासता येते. मल्टिमीटरने १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवले तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारे यंत्र, ठीक आहे. जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी अल्टरनेटर अजूनही ‘डायनामो’च आहे. एसी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावरही आकडा तेराच्या खाली जाऊ नये. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे त्यांच्याबाबत एकाच वेळच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल आणि मागच्या वेळी स्वस्त पडते म्हणून तिला साधी बॅटरी बसवली असेल, तर ती बॅटरी लवकर मरणारच. अशा गाड्यांना वारंवार चालू-बंद सोसणारी, ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते.

दुसरे कारण म्हणजे झिरपणारा प्रवाह. कुलूप लावून उभी असलेली गाडीही घड्याळ, अलार्म आणि संगणकाची स्मृती यांसाठी थोडी वीज घेते; पन्नास मिलिअँपिअरपर्यंत ती योग्य समजली जाते. त्या हिशेबाने पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी व्हायला महिनाभर लागावा. पण बाहेरून बसवलेला जीपीएस, डॅशकॅम, स्वस्तातला स्टिरिओ किंवा डिकीचा न विझणारा दिवा यांनी अर्धा अँपिअर खाल्ला, तर हीच बॅटरी तीन दिवसांत आडवी होते. दोन दिवस उभी राहिली की सुरू होत नाही, रोज चालवली तर काही तक्रार नाही, असे वर्णन असेल तर संशय इथेच घ्यावा. हा प्रवाह मोजताना मल्टिमीटर निगेटिव्ह केबलच्या मालिकेत लावतात. गाडी कुलूपबंद करून अर्धा तास थांबावे लागते, कारण गाडीतील निरनिराळे संगणक झोपी जायला वेळ घेतात. या जोडणीत असताना चुकूनही सेल्फ मारू नये. मीटरची क्षमता बहुधा दहा अँपिअरचीच असते.

महाराष्ट्रात बॅटरीचे एक वेळापत्रक ठरलेले आहे. तिचे आयुष्य खाते ते ऊन. चंद्रपूर-नागपूरकडचे पंचेचाळीस अंशांचे दिवस आतील प्लेटा वेगाने गंजवतात, आणि तरीही त्या दिवसांत सेल्फ बरा फिरतो, कारण उष्णतेत रासायनिक क्रिया जलद होते आणि इंजिनातील ऑइल पातळ असते. हिशेब चुकता होतो तो डिसेंबरात. निफाडकडे पारा एक-आकडी झाला की बॅटरीची क्षमता घटते, ऑइल दाट होते आणि उन्हाळ्यातच अधू झालेली बॅटरी पहिल्या गारठ्यात मान टाकते. तीन-चार वर्षे जुन्या बॅटरीची ओझ्याखालची तपासणी दिवाळीच्या सुमारास करून घेणे म्हणूनच सोयीचे पडते.

सेल्फ जोरात, इंजिन मात्र गप्प

सेल्फ नेहमीच्या तालात फिरतो आहे आणि तरी इंजिन पकडत नाही, किंवा सात-आठ सेकंद फिरवल्यावर कसेबसे पकडते, तेव्हा बॅटरी आणि सेल्फ यांची सुटका झाली असे समजावे. आता प्रश्न इंधन, ठिणगी आणि सेन्सरकडून संगणकाला मिळणारी माहिती यांचा. आधी एक पथ्य: दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सलग सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर मूळ दोष सापडेपर्यंत सेल्फ जळलेला असतो.

इंधनाची पहिली परीक्षा शांत जागी करावी. चावी ऑन करून, सेल्फ न मारता, मागच्या सीटखाली कान द्यावा. टाकीतील पंप दोन-तीन सेकंद हलकी घूं करून थांबला पाहिजे. आवाजच नसेल तर फ्यूज आणि रिले आधी तपासावेत. अनेक गाड्यांत हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा रिले त्याच मापाचा असतो आणि दोन्हींची अदलाबदल करून पाहता येते. काही गाड्यांत अपघाताच्या धक्क्याने पंपाची वीज तोडणारी व्यवस्था असते. तीही लक्षात घ्यावी.

पंप वाजतो, पण सकाळी गाडी लांब सेल्फ घेते आणि एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही, असे असेल तर पुढील प्रयोग करावा. चावी ऑन करावी, पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी, चावी बंद करावी. असे तीनदा करून मग सेल्फ मारावा. गाडी लगेच सुरू झाली, तर पाइपातील दाब रात्रभर टिकत नाही हे सिद्ध झाले. बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा दाब तीन ते चार बारच्या घरात असतो आणि इंजिन बंद झाल्यावरही पंपातील एकमार्गी झडप तो धरून ठेवते. ती झडप गळकी झाली, की दर वेळी रिकाम्या पाइपापासून सुरुवात करावी लागते. तीनदा चावी ऑन-ऑफ करणे म्हणजे सेल्फ न फिरवता तोच दाब पुन्हा भरून घेणे.

दाब नाहीसा होण्याची दुसरी वाट इंजेक्टरची असते, आणि तिची खूण उलट आहे. गाडी थंड असताना झटकन सुरू होते. पण गरम इंजिन बंद करून वीस-तीस मिनिटांनी, म्हणजे भाजी घेऊन परत येईपर्यंतच्या अवधीत, ती हटून बसते, आणि सुरू होते तेव्हा थरथरत, पेट्रोलच्या वासासह होते. गळका इंजेक्टर या काळात सिलिंडरमध्ये पेट्रोल टिपकत असतो. असे ओले झालेले किंवा वारंवार सेल्फ मारून पेट्रोलने भरलेले इंजिन सुरू करण्यासाठी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा; बहुतेक इंजेक्शन गाड्यांचा संगणक या खुणेवर पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा जाऊन प्लग सुकतात. थोडासा अॅक्सिलरेटर दिला तरच गाडी सुरू होते, सोडला की बंद पडते, ही मात्र थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) कार्बन साठल्याची खूण आहे, आणि ती साफ करण्याचे काम तासाभराचे आहे.

सीएनजी गाड्यांची तक्रार पुष्कळदा सीएनजीशी संबंधितच नसते. यांतल्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्या वेळाने गॅसवर जातात. मालक मात्र पेट्रोल वाचवायचे म्हणून टाकीत काटा उठेल इतपतच ठेवतो. टाकीत बुडालेल्या पंपाला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करते, त्यामुळे कोरडा पडणारा पंप लवकर जातो. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा शोषते. महिनोन्‌महिने पडून राहिलेले असे पेट्रोल सकाळच्या थंडीत पेट घ्यायला कुरकुरते. पाव टाकी पेट्रोल ठेवून ते अधूनमधून वापरणे, इंजेक्टर साफ करून घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

इंधन आणि ठिणगी यांतला दोषी ओळखायचा असेल, तर आठ-दहा सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढून पाहावा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग सांगतो की इंधन येते आहे, ठिणगी पडत नाही. ठणठणीत कोरडा प्लग सांगतो की इंधनच पोहोचत नाही. काढलेला प्लग हातात धरून ठिणगी पाहण्याचा जुना खेळ आताच्या गाड्यांवर करू नये. कॉइलचे व्होल्टेज हजारोंमध्ये असते आणि शेजारी पेट्रोलची वाफ.

माहितीचा दोष सर्वांत फसवा. क्रँकचा सेन्सर इंजिन फिरते आहे आणि कोठवर फिरले आहे हे संगणकाला सांगतो. तो गप्प बसला तर ना पेट्रोल फवारले जाते ना ठिणगी पडते, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम नाहीशा होतात. हा सेन्सर मरताना पुष्कळदा आधी गरम झाल्यावर रुसतो: घाट चढून आलेली गाडी चहाला थांबल्यावर सुरू होत नाही, अर्ध्या तासाने निवल्यावर काहीच न झाल्यासारखी चालू लागते, आणि गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा तर सर्व ठीकच असते. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा किंचितही हलत नसेल, किंवा स्कॅनरवर फेऱ्या शून्य दिसत असतील, तर याच सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा संशय घ्यावा.

दुसरा सेन्सर कूलंटच्या तापमानाचा. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, आणि ते किती हे संगणक या सेन्सरवरून ठरवतो. इंजिन थंडगार असताना सेन्सरने ऐंशी अंश सांगितले, तर पेट्रोल अपुरे मिळते आणि सकाळी गाडी लांब सेल्फ घेते. याची तपासणी सुंदर आहे: सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे अशी दोन्ही तापमाने पाहावीत. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी आणि बाहेरच्या हवेइतकी असली पाहिजेत. एक बावीस आणि दुसरे साठ असेल, तर सेन्सर खोटे बोलतो आहे. उणे चाळीस दिसत असेल, तर त्याची वायर तुटली आहे. पावसाळ्यात ऊब शोधत बॉनेटखाली शिरणारे उंदीर अशा वायरी आवडीने कुरतडतात, तेव्हा लेंड्या किंवा कापसाचे तुकडे दिसले तर आधी वायरिंग पाहावे.

डिझेलचे निराळे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते, म्हणून इथे सेल्फचा वेग अधिक महत्त्वाचा. पेट्रोल गाडी थोड्या मंद सेल्फवरही पकडते, डिझेल पकडत नाही. निदानाची गुरुकिल्ली सायलेन्सरपाशी असते. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही: थंड सिलिंडर आधी तापवणारे हीटर प्लग, मंद सेल्फ किंवा घटलेले कॉम्प्रेशन. धूरच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही: तुंबलेला फिल्टर, नुकताच फिल्टर बदलताना लाइनमध्ये धरलेली हवा, किंवा कॉमन रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, न तयार होणारा दाब. रेलमध्ये काहीशे बारचा ठरावीक दाब आल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही, आणि झिजलेले इंजेक्टर परतीच्या नळीतून इतके डिझेल सोडतात की तो दाब बनत नाही. चारही परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून सेल्फ मारला, की कोणती बाटली जास्त भरते यावरून दोषी इंजेक्टर ओळखता येतो. पूर्ण सेट बदलायला सांगणाऱ्याकडे आधी या चाचणीची मागणी करावी. कोकणात किंवा पुण्यात हीटर प्लग खराब झालेले वर्षभर कळतही नाहीत, ते कळतात लडाखच्या सहलीच्या दुसऱ्या सकाळी.

एका परिस्थितीत मात्र वरचे काहीही करू नये. गाडी पाण्यात बुडाली असेल किंवा साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल, तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसे दिवस क्वचित येत असले, तरी मुंबई-ठाण्यात गुडघाभर पाणी दर पावसाळ्याचे आहे. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्यावर जे इंजिन वाचले असते, ते एका सेल्फने जाते. साध्या विमा पॉलिसीत अशी इंजिनहानी सहसा धरली जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जाईल तेव्हा कोड पुसण्याआधी ते लिहून घ्यायला सांगावे. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे, पी०३४० कॅम सेन्सरकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या सेन्सरकडे), पी००८७ रेलच्या कमी दाबाकडे बोट दाखवतो. पण कोड सर्किट दाखवतो, सुटा भाग नव्हे. पी०३३५ आला म्हणून सेन्सर बदलण्याआधी त्याचा प्लग आणि वायर पाहिलीच पाहिजे. आणि कोड एकही नसेल, तर त्याचा अर्थ दोष नाही असा होत नाही: झिजलेला सेल्फ, गंजलेली अर्थिंग आणि गळकी झडप यांवर संगणकाची नजरच नसते. अशा वेळी मिस्त्रीला ‘गाडी सुरू होत नाही’ एवढेच न सांगता थंड की गरम, किती वेळ उभी असल्यावर, सेल्फचा आवाज कसा, पंप वाजतो का आणि मल्टिमीटरने काय दाखवले, एवढ्या पाच गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात, आणि तक्रार सकाळची असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच त्याच्याकडे ठेवावी, म्हणजे पहिला सेल्फ तो स्वतः मारेल.